म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी आणि केस: "वय झालं" म्हणण्याआधी काय काय बघायचं

आमच्या ढमीच्या पोटावर सोनोग्राफीसाठी एक चौकोन भादरला होता, साधारण तळहाताएवढा. येतील केस दोनेक महिन्यात, असं तेव्हा सांगितलं होतं. तीन महिने झाले, चार झाले, चौकोन तसाच्या तसा, गुळगुळीत आणि वर जरा काळपट पडलेला. आणि मी काय म्हणायचे, दहा वर्षांची झाली आता, कुठले पटापट केस यायला. शेपटी टोकाकडे उंदराच्या शेपटीसारखी झालेली, वजन वाढलेलं (नावाला जागली म्हणून घरात सगळे हसायचे), दिवसभर झोपून आणि उन्हाचा कवडसा जिकडे सरकेल तिकडे ही सरकायची. सगळं वयावर ढकललं. शेवटी कान वास मारतोय म्हणून नेलं तर डॉक्टरांचा हात कानावरून खाली येऊन त्या चौकोनावर थांबला, हे कधी भादरलं म्हणाले, मी सांगितलं, आणि त्यांनी लगेच रक्त काढलं. थायरॉइड निघालं. गोळ्या सुरू केल्यावर दोन आठवड्यात उठून दाराशी यायला लागली, केसांना मात्र चार-पाच महिने लागले, मधे तर आधीपेक्षा जास्तच गळले कारण जुने मेलेले केस पडून नवे येतात, ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी घाबरून फोन केले नसते.

म्हणून हे लिहितेय. वय झालं हे काही निदान नाही. वयाने होणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्या थोड्या आहेत आणि बाकीच्या बऱ्याच गोष्टींना औषध आहे.

आधी ज्याची काळजी करायची नाही ते पटकन सांगते. तोंडावरचे, भुवयांचे केस पांढरे होणं. केसांची चमक थोडी कमी होणं, केस जरा राठ लागणं. कातडी पातळ आणि सैल होणं, थोडा कोरडेपणा. कोपरांवर घट्टे येणं, कारण तिथे कातडीखाली हाड लगेच लागतं आणि ही मंडळी कडक फरशीवर धपकन बसतात. नाकाचा वरचा भाग आणि पंजाच्या गाद्या जाड, खरखरीत होणं. पापण्यांवर, डोक्यावर, पाठीवर छोट्या फुलकोबीसारख्या चामखिळी. नखं ठिसूळ होणं, आणि चालणं कमी झाल्याने झिजत नाहीत म्हणून वाढणं. बस, एवढंच. टक्कल पडणं, वास येणं, चिकटपणा, न थांबणारी खाज, न भरणारी जखम, ह्यातलं काहीही नुसत्या वयाने होत नाही.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं हात फिरवायचा

सगळ्यात उपयोगी सवय ही. रविवारी सकाळी म्हणा किंवा जेव्हा तुम्हाला घाई नसते तेव्हा, उजेडात, कुत्रं निवांत पडलेलं असताना. लाड करताना हात फिरतो तो वेगळा, तो नेहमी डोक्यावर आणि पाठीवरच फिरतो. हा हात नाकापासून शेपटीपर्यंत क्रमाने न्यायचा आणि बोटं केसांच्या उलट दिशेने आत घालून कातडी बघायची.

नाक बघा. निरोगी नाकावर बारीक खडीसारखी नक्षी असते. ती पुसट होऊन नाक गुळगुळीत, गुलाबीसर व्हायला लागलं किंवा कडेला खपल्या आल्या तर ते जाड होण्यापेक्षा वेगळं आहे, डॉक्टरांना दाखवा. ओठ उचलून घड्या बघा, तिथे लाळ साठून लाल होतं. कान उलटे करून वास घ्या, हो वासच घ्या, डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं. मग गळपट्ट्याखाली, काखेत, छातीवर, पोटावर, जांघेत. पुढच्या पायाचं वरचं जे अंगठ्याचं नख असतं ते जमिनीला लागतच नाही त्यामुळे झिजत नाही, गोल फिरून मांसात घुसतं, लांब केसांच्या कुत्र्यात हे दिसत पण नाही. बोटांच्या मधे बघा. शेपटी उचलून खाली बघा. नर असेल आणि नसबंदी केलेली नसेल तर गुदाच्या आजूबाजूला गाठी आणि अंडकोष दोन्ही सारखे आहेत का हे पण, लाज वाटायचं कारण नाही. अंडकोषाच्या एका प्रकारच्या ट्यूमरमधे मादीचं हार्मोन तयार होतं आणि मग केस गळतात, नराचे स्तन सुजतात. मादी असेल, विशेषतः नसबंदी न केलेली, तर स्तनांची पूर्ण रांग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून तपासा, वाटाण्याएवढी गाठ पण मोजायची.

आणि लिहून ठेवायचं. मोबाइलमधे फोटो काढताना शेजारी छोटी पट्टी धरायची, नाहीतर दोन महिन्यांनी फोटो बघून काही कळत नाही की वाढलं का तेवढंच आहे.

पहिला प्रश्न एकच: खाजवतंय का नाही?

केस गेलेत, चट्टा आहे, काहीही असो, डॉक्टर पहिलं हेच विचारणार. खाज म्हणजे फक्त पायाने खरखर नाही हां. पंजे चाटणं, अंग सोफ्याला घासणं, ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकणं, डोकं झटकणं, रात्री उठून स्वतःला दाताने कुरतडणं, हे सगळं खाजच. पांढऱ्या किंवा फिकट केसांच्या कुत्र्यात पंजे तांबूस-तपकिरी दिसायला लागले तर ते लाळेचे डाग, म्हणजे तुम्ही नसताना चाटकाम चालू आहे.

खाज असेल तर आधी किडे बघायचे, भले तुमचं घर कितीही स्वच्छ असो. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभं करायचं, कमरेच्या वर शेपटीच्या मुळाशी बारीक कंगवा फिरवायचा, जे काळे कण पडतील त्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. कण विरघळून लालसर-तपकिरी डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर लाल होणार नाही. पिसू दिसली नाही म्हणजे नाही असं नसतं, अंगावरच्या मोठ्या पिसवा हा थोडाच भाग असतो, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं अंथरुणात आणि फटीत. म्हणून एकदा औषध टाकून काम होत नाही, घरातल्या सगळ्या प्राण्यांना, कमीत कमी तीन महिने न चुकता, सोबत अंथरुण गरम पाण्याने धुणं आणि कोपरे व्हॅक्यूम करणं. इथे एक धोक्याची गोष्ट, घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनवालं औषध अजिबात आणू नका, मांजराच्या जिवावर बेततं, कुत्र्याच्या अंगाला अंग घासून बसली तरी. आणि ज्या कुत्र्याला कधी फिट आली आहे त्याला गोचीड-पिसवांची चघळायची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फिटचं सांगायचंच, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी फिट येऊ शकते. कॉली जातीच्या आणि त्यांच्या जवळच्या जातींच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस सहन होत नाही, मेंदूवर परिणाम होतो, त्यामुळे कोणाच्या तरी कुत्र्याला चाललं म्हणून इंजेक्शन टोचून घेऊ नका.

कानाच्या कडा, कोपर, घोटे इथे खपल्या आणि वेड लागल्यासारखी खाज असेल, कानाची कड बोटात घासली की मागचा पाय आपोआप हलायला लागत असेल, तर खरूज असू शकते आणि ती घरातल्या माणसांना पण खाज देते, तुमच्या हातावर-पोटावर पुरळ असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

लूत वेगळी. लुतीचे किडे म्हणजे डेमोडेक्स जवळजवळ सगळ्या कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी थोडे असतातच आणि गप्प असतात. पिल्लांमधे ते वाढले तर बऱ्याचदा आपोआप आटोक्यात येतात, पण आठ-दहा वर्षाच्या कुत्र्यात आयुष्यात पहिल्यांदा लूत आली तर प्रश्न लुतीचा कमी आणि प्रतिकारशक्ती का पडली ह्याचा जास्त असतो. स्टेरॉइड चालू होतं का, हार्मोनचा आजार आहे का, कुठे कॅन्सर आहे का. लुतीचं औषध देऊन घरी पाठवलं आणि आतलं काही तपासलंच नाही तर विचारा, टेस्ट करायच्या का म्हणून.

किडे नाहीत तर मग बॅक्टेरिया आणि यीस्ट. बॅक्टेरियाचं इन्फेक्शन ओळखायची खूण म्हणजे पोटावर बारीक पुटकुळ्या आणि त्या फुटून राहिलेले गोल चट्टे, कडेने पापुद्रा सुटलेला, बरेच लोक ह्याला नायटा समजून नायट्याची क्रीम लावत बसतात. यीस्ट असेल तर कुबट आंबूस वास, हाताला मेणचट लागतं, आणि जुनं झालं की काखेतली, गळ्याखालची कातडी हत्तीसारखी काळी जाड. दोन्हीची टेस्ट अगदी साधी असते, पारदर्शक टेप चिकटवून काढायची, काचेवर लावून रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, पाच-दहा मिनिटाचं काम. ती न करता एकामागून एक अँटिबायोटिक चालू असतील तर थांबून विचारायचा हक्क आहे तुम्हाला. दोन कोर्स देऊनही बरं होत नसेल तर कल्चर (कोणता बॅक्टेरिया आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायची टेस्ट) करून घ्या. आणि तिसऱ्या दिवशी बरं दिसतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

पण इन्फेक्शन परत परत का होतंय हा खरा प्रश्न आहे. वातावरणातली ॲलर्जी साधारण पहिल्या तीन वर्षात डोकं वर काढते. नऊ वर्ष कधी खाजवलं नाही आणि आता अचानक सुरू झालं तर नुसतं ॲलर्जी आहे म्हणून मोकळं होता येत नाही. खाण्याची ॲलर्जी मात्र कोणत्याही वयात होऊ शकते, वर्षानुवर्षं तेच खाणं चालू असलं तरी, तिची खरी टेस्ट एकच, आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवलेलं एकच खाणं आणि त्याशिवाय एक बिस्कीट पण नाही, चवीची गोळी पण नाही. आजी-आजोबा घरात असतील तर हे आठ आठवडे सगळ्यात अवघड, त्यांना आधी विश्वासात घ्या. आणि म्हाताऱ्या कुत्र्यात खाज, लाली, कोंडा आणि ओठ-नाकाचा रंग उडणं असं एकत्र असेल आणि कशालाच दाद देत नसेल तर कातडीचा एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, असतो जो सुरुवातीला हुबेहूब ॲलर्जीसारखा दिसतो, तो बायोप्सीशिवाय (कातडीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय) कळत नाही.

आता एक माझी दुसरी चूक. ढमीच्या आधी बंड्या होता, तो पुढच्या डाव्या मनगटावर एकच जागा चाटायचा, चाटून चाटून तिथे रुपयाएवढं लाल, केस गेलेलं, जाड झालेलं. मी मलम लावलं, पट्टी बांधली, ओरडले. सहा महिन्यांनी लंगडायला लागला म्हणून एक्स-रे काढला तर बरोब्बर त्याच सांध्यात संधिवात. तो जखम चाटत नव्हता, दुखणं चाटत होता. तेव्हा एकाच सांध्यावर, एकाच जागी चाटणं असेल तर कातडीच्या खाली काय आहे ते पण तपासून घ्या.

खाज नाही पण केस जातायत

हे जास्त फसवं, कारण कुत्र्याला त्रास होत नाही म्हणून आपल्याला पण होत नाही. दोन्ही कुशींवर सारखे, आरशात बघितल्यासारखे केस विरळ झाले, डोकं आणि पाय मात्र ठीक, तर हार्मोनकडे बोट जातं. दोन मुख्य आजार.

थायरॉइड कमी असणं, ते ढमीचं सांगितलंच: जाडी, सुस्ती, थंडी सहन न होणं, भादरलेले केस परत न येणं, कानाची आणि कातडीची इन्फेक्शन सारखी. एक लक्षात ठेवा, फक्त टी-फोर (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) कमी आलं म्हणून थायरॉइड असं नसतं, दुसरा कुठलाही मोठा आजार असला किंवा स्टेरॉइडसारखी काही औषधं चालू असली तरी टी-फोर खाली येतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) आणि फ्री टी-फोर (टी-फोरचा रक्तात मोकळा असलेला भाग) सोबत बघतात. गोळी आयुष्यभर असते, रोज एकाच पद्धतीने द्यायची, जेवणाआधी तर नेहमी जेवणाआधी. तपासणीचं रक्त गोळी दिल्यावर ४ ते ६ तासांनी काढतात, तर त्या दिवशी गोळी किती वाजता दिली ते लिहून न्या.

दुसरा कुशिंग. ह्यात शरीर कॉर्टिसॉल, म्हणजे स्वतःचं स्टेरॉइड, जास्त बनवतं, बहुतेक वेळा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीवरच्या छोट्या गाठीमुळे. पाणी खूप पितं, घरात शू होते, भूक राक्षसासारखी, धापा टाकतं, पोट माठासारखं लोंबतं आणि कातडी इतकी पातळ होते की पोटावरच्या शिरा दिसतात, काळे बारीक ठिपके दिसतात, जरा खरचटलं तरी जखम भरत नाही. लोक म्हणतात भूक छान आहे, म्हणजे तब्येत छान आहे. तर पाणी मोजा. सकाळी मापाच्या बाटलीने भांडं भरायचं, दिवसभरात जितकं ओताल ते लिहायचं, २४ तासांनी उरलेलं वजा करायचं, असं तीन दिवस. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने लिटरभराच्या वर पाणी प्यायलं, तर ते नक्कीच जास्त आहे, मग कुशिंगच असेल असं नाही, किडनी किंवा डायबेटिस पण असू शकतो, पण रक्त-लघवी तपासायला हवी. ह्या एका आकड्याने डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

आणि हाच आजार बाहेरून पण होतो, महिनोन्महिने खाजेसाठी स्टेरॉइड देत राहिलं की. खूप दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर मात्र कुत्रं कोसळू शकतं, डोस हळूहळू उतरवतात. अजून एक, म्हाताऱ्या कुत्र्याला बऱ्याचदा सांधेदुखीची गोळी चालू असते, त्यातली बरीचशी औषधं आणि स्टेरॉइड एकत्र दिली तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या वेळी दिलेली औषधं असतात, त्यांना एकमेकांचं माहीत नसतं, तुम्हालाच सांगावं लागतं.

गाठी

वय झालेल्या कुत्र्याच्या अंगावर गाठ सापडणं अगदी नेहमीचं आहे आणि बऱ्याच गाठी चरबीच्या असतात, मऊ, कातडीखाली सरकणाऱ्या, छातीवर किंवा कुशीला. पण हाताने चाचपून चरबीचीच आहे असं कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांना पण नाही, कारण मास्ट सेल ट्यूमर नावाचा एक बहुरूपी कॅन्सर आहे तो चरबीच्या गाठीसारखा, चामखिळीसारखा, किडा चावल्यासारखा, कसाही दिसतो, आज मोठा उद्या लहान असा पण होतो, आणि आपण म्हणतो बघ कमी झाली. साधा नियम: १ सेंटिमीटरची झाली किंवा महिनाभर तशीच राहिली तर सुई घालून पेशी तपासायच्या. भूल लागत नाही सहसा, इंजेक्शनएवढंच दुखतं. तोपर्यंत दाबून, पिळून बघायचं नाही, मास्ट सेल असेल तर दाबल्याने हिस्टामिन सुटून सूज येते, उलट्या होऊ शकतात.

आंघोळ आणि विंचरणं

तरुण कुत्र्याची आंघोळ म्हणजे कुस्ती असते, म्हाताऱ्याची वेगळी. त्याला घसरायची भीती वाटते, सांधे दुखतात आणि लवकर थंडी वाजते. खाली रबरी मॅट टाका, त्याच्याशिवाय सुरूच करू नका. पाणी कोमट. माणसाचा शांपू किंवा साबण नको, आपल्या कातडीपेक्षा त्यांच्या कातडीचा पीएच वेगळा असतो आणि आधीच कोरडी कातडी अजून तडकते. औषधी शांपू दिला असेल (यीस्टसाठी बहुतेक क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोल असतं) तर तो अंगावर १० मिनिटं राहायला हवा. घड्याळ लावा, खरंच, दहा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप मोठी असतात आणि शांपूचा उपयोग होत नाही म्हणणारे निम्मे लोक दोन मिनिटात धुवून टाकणारे असतात. दहा मिनिटं उभं राहवत नसेल तर बसू द्या, आडवं पडू द्या. मग भरपूर धुवा, काखेत आणि जांघेत फेस राहतो आणि त्यानेच परत खाज येते. टॉवेलने दाबून टिपायचं, रगडायचं नाही. ड्रायर लावलात तर थंड किंवा अगदी कोमट हवेवर.

विंचरणं रोज थोडं. म्हातारी कुत्री अंग वळवून स्वतःला साफ करू शकत नाहीत त्यामुळे कानामागे, मांड्यांच्या मागे जटा होतात. जट कात्रीने कापू नका. कातडी जटेबरोबर वर ओढली गेलेली असते आणि पातळ असते, कापलं की भोकच पडतं, टाके घालावे लागतात. जटेखाली कंगवा सरकवून धरायचा आणि बोटांनी टोकाकडून मुळाकडे सोडवत यायचं, नाही सुटली तर मशीनने काढून घ्यायची. आणि उकडतंय म्हणून दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याला सगळं भादरून आणू नका, म्हातारपणी ते केस कधी कधी वर्षभर येत नाहीत, कधी ठिगळं ठिगळं येतात.

खाण्यातून काय होतं

केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच. म्हातारं झालं म्हणून स्वतःच्या मनाने प्रोटीन तोडू नका, किडनीचा आजार रिपोर्टमधे असेल तरच आणि डॉक्टर सांगतील तेवढंच. माशाच्या तेलातलं ओमेगा-थ्री, म्हणजे ईपीए आणि डीएचए, कोरड्या आणि खाजऱ्या कातडीला खरंच मदत करतं पण सहा ते आठ आठवडे द्यावं लागतं, आठवड्यात फरक नाही म्हणून बाटली कोपऱ्यात टाकायची नाही. कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं, ते चमच्याने ओतलं तर साठून अपाय होतो. स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या कुत्र्याला कोणतंही तेल विचारल्याशिवाय नाही. शांपू, तेल, गोळ्या सगळं एकाच दिवशी सुरू करायचा मोह होतो, एकेक करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

काय लावायचं नाही

एकच नियम ठेवा: जे त्याने चाटलेलं चालणार नाही ते लावायचं नाही, कारण तो चाटणारच. टी ट्री ऑइल विषारी. झिंक ऑक्साइडची क्रीम, जी लहान बाळांच्या रॅशला लावतात, चाटून पोटात गेली तर रक्तातल्या पेशी फुटू शकतात. सोरायसिसची कॅल्सिपोट्रायॉलवाली क्रीम आणि फ्लुरोयुरासिलची क्रीम तर थोड्या चाटण्याने पण जीव घेऊ शकते, घरात कोणी वापरत असेल तर ट्यूब कपाटात बंद ठेवा. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन कातडीवर कशासाठीच नाही. गोचीड काढायला पण नाही, बारीक चिमट्याने कातडीला चिकटून धरायची आणि सरळ ओढायची. दुखतंय म्हणून आपली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देणं पण ह्यातच आलं.

जे उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी

कूस दर चार तासांनी बदला, रात्री एकदा गजर लावून. गादी जाड हवी, कोपर, खुबा, खांदा इथे बोटाने दाबून बघा, हाड लागत असेल तर अजून एक थर. लाल झालेली जागा म्हणजे फोड यायची सुरुवात, केस गेले म्हणजे उशीर होत चाललाय. लघवी गळत असेल तर मागच्या भागाचे केस आखूड ठेवा, ओल लगेच टिपा, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते. आणि माश्या. ओल्या, गुंतलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात, वरून फक्त ओलसर केस दिसतात, वास येतो, केस बाजूला केले की खाली कातडीला भोक. हे उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तसंच तोंड-डोळे अचानक सुजणं, एका रात्रीत पसरणारा ओला लाल चट्टा, कातडी सुटून येणं, जखमेला वास येणं आणि कुत्रं जेवत नाही, हे पण थांबायचे प्रकार नाहीत. चारही पंजांच्या गाद्यांवर एकदम भेगा आणि जाड खपल्या आल्या, कुत्रं चालायला बघत नाही, तर लिव्हर तपासून घ्या, म्हाताऱ्या कुत्र्यांमधे लिव्हरचा एक आजार असा पायात दिसतो.

डॉक्टरांकडे जाताना वही, फोटो, पाण्याचे आकडे आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या, नावं आठवत बसू नका. आणि एक गोष्ट जी सगळे चुकतात, मी पण चुकले: छान दिसावं म्हणून आदल्या दिवशी आंघोळ घालून नेऊ नका. खपल्या, पुटकुळ्या, मेणचटपणा, पिसवांची विष्ठा, जे जे दाखवायचं असतं ते सगळं तुम्ही धुवून टाकलेलं असतं. तीन-चार दिवस आधीपासून काहीच लावायचं नाही, कान साफ करायचे नाहीत, घाणेरडं, वास मारणारं कुत्रं तसंच गाडीत घालायचं आणि न्यायचं.